खळं

आधी नुसतं डोकं दुखायचं.
मी म्हटलं ऊन बाधलं असेल,
बाजारात दिवसभर पत्र्याखाली उभं राहायचं,
नाकातोंडात पोत्यांची धूळ.
सुंठ उगाळून लावली. बाम चोळला.
चौथ्या रात्री म्हणाले, शालन, ती ट्यूब बंद कर,
तिचा उजेड टोचतोय.

हणमंत ज्ञानू पिसाळ, तोलार,
वाशीच्या धान्य बाजारात सव्वीस वर्षं.
पोतं काट्यावर चढायच्या आधीच सांगणार,
एकोणपन्नास किलो सातशे.
चुकलेच तर शंभर ग्रॅमनं,
तेही माल दमट असला तर.
तीन वर्षांपूर्वी त्यांना माझी किडनी बसवली.
भुलीतून उठले आणि पहिलं विचारलं,
किती भरली?
सर्जन हसून म्हणाले, एकशे चाळीस ग्रॅम.
हे म्हणाले, वाटलंच होतं.

तेव्हापासून सकाळी आठला गोळ्या, रात्री आठला गोळ्या.
अंगातले पहारेकरी झोपवून ठेवायचे, डॉक्टरांनी समजावलं होतं,
नाहीतर ते तुमच्या किडनीला परकी म्हणून हाकलतील.
बावीस वर्षं संसार केला मी,
आणि आत गेले तर परकी!
एवढ्यावरच हसत राहिले.
पहारेकरी झोपल्यावर
आणखी कोण कोण आत येतं
ते विचारायचं राहिलं.

नेरूळला पाठीच्या कण्यातून पाणी काढलं.
काचेसारखं स्वच्छ होतं, मला हायसं वाटलं.
लॅबमधली जिन्सी, केरळची पोर,
म्हणाली, आंटी, बघायचंय?
थेंबात तिनं काळी शाई मिसळलेली.
मी एक डोळा मिटून वाकले.
गच्च काळोख.
काळोखात बारके बारके गोल,
प्रत्येकाभोवती उजेडाचं कडं.
चंद्राला पडतं तसं
खळं.

सासरे म्हणायचे, खळं जवळ तर पाऊस लांब,
खळं लांब तर पाऊस जवळ.
त्या नळीतून मला काहीच कळेना.
गावी दुसरंही एक खळं होतं, शेणानं सारवलेलं,
मधे तिवडा, भोवती बैल,
बैलांमागे पाचवीतले हे,
पाय ज्वारीत रुतलेले.

बुरशी आहे, डॉक्टर म्हणाले.
श्वासातून जाते. मातीत असते, कबुतरांच्या घाणीत असते.
धडधाकट माणसाला आली गेली कळतही नाही.
कबुतरं पाळता का?

पाळत नाही.
गाळ्यात सांडलेला मूठभर दाणा
शर्टाच्या खिशातून कोपरखैरण्याला यायचा,
गॅलरीच्या कठड्यावर पसरायचा.
लक्ष्मी आहे, पायदळी नको, एवढंच.
नक्की तिथूनच आली असं कुणी सांगू शकत नाही,
हेही डॉक्टर म्हणाले.
पोरानं तोवर जाळी ठोकून घेतली होती.

चौदा दिवस शिरेतून पिवळं औषध.
बुरशीला मारतं, किडनीलाही सोसत नाही.
रोज रक्त. दीड. एक पूर्णांक आठ. दोन.
गोळ्या कमी कराव्यात तर पहारेकरी उठून माझ्यावर येणार,
तशाच ठेवाव्यात तर डोक्यात ती.
डॉक्टर फाईल मांडीवर घेऊन गप्प बसायचे.
मला तो चेहरा ओळखीचा.
काटा थरथरत असतो तेव्हा
तोलार असाच श्वास धरतो.
एका रात्री त्यांच्या पोटावर,
टाक्यांच्या जुन्या रेघेवर हात ठेवला
आणि आतल्या तिला म्हटलं,
दम धर गं.

काल घरी आणलं.
कबुतरं जाळीला चोची लावून बसलीत.
धुवायला म्हणून त्यांचा शर्ट घेतला,
खिशात बाजरी. मोजली, तेवीस दाणे.
टाकायला निघाले तर
डोळ्यांवर आडवा हात तसाच ठेवून म्हणाले,
आण इकडे.
तळहातावर घेऊन
बराच वेळ पडून राहिले.
कळत नाहीये, म्हणाले.

मी म्हटलं,
माल दमट आहे.